जुन्या यंत्राला अनुदान का नाही?
बोरीवलीहून खाडी ओलांडली की गोराईत भाताची थोडी खाचरं अजून टिकून आहेत. तिथे कम्बाइन हार्वेस्टर काय कामाचा? बांध अरुंद, जमिनीत ओल. कापणी विळ्यानेच, ‘वैभव’ या सुधारित दातेरी विळ्याच्या दात्यांना वारंवार धार लावावी लागत नाही, एवढीच काय ती सोय. खरी घाई मळणीची. परतीच्या पावसाने गाठलं की कापलेले कडपे भिजतात, दाण्याला मोड फुटतात. तेव्हा पायाने फिरवायचं, तारांच्या ड्रमचं जुनं मळणीयंत्रच कामी येतं. बेअरिंग बदललं की पुन्हा सुरू. केंद्राच्या यांत्रिकीकरण योजनेचा भर मात्र नव्या खरेदीवर! चार गुंठेवाल्याने नवं यंत्र घ्यावं कशाला आणि ठेवावं कुठे? दुरुस्ती आणि सुटे भागही अनुदानात घ्या. भाड्याची अवजार बँक मुंबई उपनगर जिल्ह्यातही काढा, आणि तीही दसऱ्याआधी.