परिषदेहून परतल्यावर काय?



आपले एक सभासद एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात आहेत. व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याच्या कामावर देखरेख करण्यात त्यांची हयात गेली. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांची दोन दिवसांची परिषद होती आणि विषय पाणीपुरवठा हाच होता. त्यांनी जाण्याची परवानगी मागितली. "परिषद साहेबांसाठी असते, तुमचं तिथे काय काम?" असे उत्तर मिळाले. साहेब गेले, फोटो काढून आले, आणि तिथे मिळालेली पिशवी कपाटावर पडून राहिली.

पुढच्या वर्षी हे गृहस्थ रजा टाकून, पदरचे भाडे खर्चून गेले. व्यासपीठावरची भाषणे त्यांना फारशी आठवत नाहीत. पण जेवताना शेजारी बसलेल्या दुसऱ्या गावच्या पंपचालकाने त्यांना एक गोष्ट सांगितली. क्लोरिन टाकीपाशी तपासून भागत नाही, ओळीतल्या शेवटच्या घराच्या नळाला तपासावे. पाणी बंद असते तेव्हा नळवाहिनीतला दाब जातो आणि गळतीच्या जागेतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. शेवटच्या नळाला एका लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम तरी क्लोरिन उरले पाहिजे. परत आल्यावर त्यांनी तसे तपासले, तर एका गल्लीत क्लोरिनचा मागमूस नव्हता. खणल्यावर गटाराला लागून फुटलेली वाहिनी सापडली. त्या गल्लीतल्या लेकरांचे आजार टळले, ते कुठल्या अहवालात आले नाही.

आम्हांला यातून एवढेच म्हणायचे आहे की परिषदेला कोण जातो आणि परतल्यावर काय करतो, यावर तिचे मोल ठरते.

वडोदऱ्याच्या मराठी माणसाला हे नव्याने सांगायला नको. श्रीमंत सयाजीराव महाराज परदेशी गेले ते नुसते हवापालटाला नव्हे. अमेरिकेत त्यांनी सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि 1910 साली तिथल्या बॉर्डन या ग्रंथपालांना बडोद्यास आणले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग निघाले, गावोगाव फिरत्या पेट्यांतून पुस्तके पोचू लागली. जे पाहिले ते राज्यातल्या शेवटच्या गावापर्यंत नेण्याची ती रीत होती. त्या राज्याच्या कचेऱ्यांत आपल्या आज्या-पणज्यांनी चाकरी केली, हे आपण अभिमानाने सांगतो. मग ती रीतही आपलीच मानायला हवी.

शेजारच्या सुरतेचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांदेखतचे आहे. 1994 च्या सप्टेंबरात तिथे प्लेग आला आणि लाखो माणसे शहर सोडून गेली. पुढच्या वर्षी आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवले. जे दिसले त्यावर त्याच दिवशी एकत्र बसून निर्णय होऊ लागले. घाणीसाठी बदनाम झालेले शहर थोड्याच वर्षांत स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. खरी परिषद याहून वेगळी काय असते?

1 जून 1993 पासून 74 वी घटनादुरुस्ती अमलात आली. बाराव्या अनुसूचीत 18 विषय नगरपालिकांसाठी लिहिले गेले. पाणी, सफाई, अग्निशमन, स्मशानभूमी, जन्म-मृत्यूची नोंद हे त्यांतलेच. हे सारे ज्यांच्या हातून घडते त्या सफाई कामगाराला, मुकादमाला, नोंदणी कारकुनाला शिकण्याची संधी किती मिळते? ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीने 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी 35 फुटांच्याही वर गेले. कोणत्या पोळात पाणी आधी शिरते, कुठली म्हातारी माणसे एकटी राहतात, हे त्या भागात रोज फिरणाऱ्या कर्मचाऱ्याला जितके ठाऊक असते तितके नकाशाला नसते. अशा माणसाला परिषदेत नुसते बसवू नये, बोलायलाही लावावे.

म्हणून आमचे म्हणणे असे. परिषदेला जाणाऱ्यांत निम्मे तरी प्रत्यक्ष कामावरचे असावेत. त्यांची रजा कापू नये आणि भाडे संस्थेने द्यावे. परतल्यावर महिन्याभरात, काय शिकलो आणि कोणत्या वॉर्डात काय बदलणार, हे प्रत्येकाने एका पानावर लिहून नागरिकांसाठी लावावे. निवडणुकीत मत मागायला आपल्या दारी येणाऱ्या उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, हे कबूल आहे का असे विचारायला विसरू नये.

मंडळालाही हातावर हात ठेवून बसता येणार नाही. आपल्या घरांतून महापालिका, नगरपालिका आणि पंचायतींत नोकरी करणारे व निवृत्त झालेले कितीतरी आहेत. त्यांच्यासाठी दर तीन महिन्यांनी एक संध्याकाळ मंडळाचे सभागृह मोकळे ठेवावे, असे आम्ही कार्यकारिणीस सुचवीत आहोत. परिषदेहून आलेल्याने तिथे बोलावे आणि निवृत्तांनी आपला अनुभव जोडावा. खालच्या पगारातल्या ज्या सभासदाला प्रवासखर्च झेपत नाही, त्याचे भाडे मंडळाच्या निधीतून द्यावे. गणेशोत्सवाच्या मांडवावर आपण जो खर्च करतो, त्याच्या मानाने हा खर्च नगण्य आहे.

पहिल्या संध्याकाळी बोलायला आपले ते पाणीपुरवठ्याचे गृहस्थ तयार आहेत. ऐकायला आपण यावे.