चोर न पाहताच शिक्षा

आमच्या वाडीतल्या एका जाणत्या गृहस्थांनी परवा दुकानाच्या पायरीवर बसून चार माणसांना सल्ला दिला. कोंबडीची चटक लागलेल्या जनावराला म्हणे एकच इलाज. मेलेली कोंबडी फेकू नका, तिच्या पोटात औषध भरा आणि कुंपणाच्या कडेला ठेवून द्या. सकाळी जनावर आडवं. ऐकणाऱ्यांत माझा पुतण्याही होता. तो घरी येऊन फवारणीच्या औषधांची फळी चाचपू लागला, तेव्हा गप्प बसणं मला शक्य राहिलं नाही.

त्या गृहस्थांची बाजू मांडायला चार वाक्यं पुरतात. कोकणात बागा ओस पडल्या, रान घराला टेकलं, मुंगसं आणि रानमांजरं माजली. एकदा कोंबडी तोंडाला लागली की जनावर उंदराकडे ढुंकून बघत नाही. कायदा करणाऱ्यांच्या दारात खुराडं नसतं. आणि आपले आजे-पणजे हेच करत आले. वर पुरवणी म्हणून मुंगसाने परदेशातल्या पक्ष्यांची कशी वाट लावली, तेही त्यांनी मोबाईलवर दाखवलं.

पुरवणीचा निकाल आधी लावते. उसातले उंदीर मारायला मुंगूस 1872 मध्ये जमैकात आणि 1883 मध्ये हवाई बेटांवर माणसाने नेऊन सोडलं. तिथल्या पक्ष्यांनी असा शिकारी कधी पाहिला नव्हता. आमच्या कातळावरची टिटवी आणि मुंगूस पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखून आहेत. तिथला दाखला इथे लागू होत नाही.

कायद्याचं म्हणाल, तर 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. विष घालणं, फासा लावणं, सापळ्यात धरणं आणि तसा नुसता प्रयत्न करणं, हे सगळं त्या एका शब्दात येतं. पायरीवर बसून मुलांना हे शिकवणाऱ्याने पोलीस दारात आल्यावर जामिनालाही उभं राहायची तयारी ठेवावी.

आजे-पणजे मलाही होते. माझी आजी दिवेलागणीला कोंबड्या डालग्याखाली झाकायची, डालग्यावर दगडी वरवंटा ठेवायची आणि ते डालगं पडवीत, आजोबांच्या खाटेजवळ असायचं. रात्री कोंबडी नुसती कुरकुरली तरी कोणीतरी उठून कंदील वर करायचं. जुन्या माणसांचं विष यांच्या बरोबर लक्षात राहिलं. डालगं, वरवंटा आणि ते रात्रीचं उठणं मात्र राहिलं नाही.

पण माझा खरा राग या कशावर नाही. चोर कोण, हे कोणी पाहिलेलंच नसतं, यावर आहे.

गेल्या आषाढात माझ्या अकरा कोंबड्या एका रात्रीत गेल्या. त्यातल्या तीन अंड्यावरच्या तलंगा होत्या आणि एक खुडूक बसलेली होती. पहाटे दार उघडलं तर अंगणभर पिसं, पावसाने चिखलात चिकटलेली. वाडी जमली. दहा मिनिटांत निकाल झाला: रानमांजर. निकाल देणाऱ्यांत हे गृहस्थ पुढे होते आणि ते खुराड्यापर्यंत वाकलेसुद्धा नव्हते.

मी वाकले. अकराच्या अकरा कोंबड्या तिथेच पडलेल्या होत्या, एकही उचलून नेलेली नव्हती. चावे पाठीवर आणि मांड्यांवर, वेडेवाकडे. पिसं लाळेने चिकट झालेली. खाल्लेलं जवळजवळ काही नाही. खालची फळी उपसून काढलेली आणि तिच्यापुढची माती मागे फेकलेली. पागोळीच्या कडेच्या चिखलात पंजे स्पष्ट उठले होते, चार बोटं आणि प्रत्येक बोटापुढे नखाची टोचणी. मांजराच्या जातीचं जनावर चालताना नखं आत ओढून घेतं. त्याच्या पंजात नख उमटत नाही. ती कुत्री होती. मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर चिकनच्या दुकानामागे आतडी-पिसं उघड्यावर पडतात, त्यावर पोसलेली, किमान दोन तरी.

रानमांजर आलं असतं तर एक कोंबडी मानेला धरून कुंपणापलीकडे गेली असती आणि पिसांची एक रेघ रानाच्या दिशेने दिसली असती. मुंगूस रात्री येतच नाही. ते दिवसाचं जनावर. भर दुपारी, माणसं जेवायला बसली की अंडी आणि पिल्लं ही त्याची चोरी. उदमांजर रात्रीचं, वासे आणि कौलं धरून वरून येणारं, म्हणून ओरखडा वर शोधायचा. पिल्लं एकेक करून नाहीशी होत असतील आणि खुराड्याच्या कोपऱ्यात मुठीएवढं बीळ असेल तर घुशीकडे बघा. अंडी टरफलासकट गेली तर साप. दिवसा अंगणातून पिल्लू उचललं गेलं आणि कावळे ओरडत असले तर शिक्रा किंवा घार. एवढं पाहायला पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटं न देता ज्याला मरणाची शिक्षा सुनवायची आहे, त्याला मी जाणता म्हणणार नाही.

आणि विष तरी चोर ओळखतं का? चार वर्षांपूर्वी वरच्या वाडीत असंच कोंबडं भरून ठेवलं होतं. सकाळी फणसाखाली तीन कावळे पडले होते आणि शेजारच्या म्हातारीची मांजर तोंडाला फेस येऊन पायरीवर ताठ झाली होती. त्या मांजरीच्या जिवावर म्हातारीचं भाताचं कणगं सुरक्षित होतं. कोंबड्या पुढच्या आठवड्यातही गेल्या. फाशांचंही तेच. डुकरासाठी कुंपणाला लावलेल्या क्लचवायरच्या फाशात बिबट्या अडकल्याच्या बातम्या आम्ही कोकणात पुन्हापुन्हा वाचतो. फास लावणारा म्हणतो, मी बिबट्यासाठी लावला नव्हता. तारेला ते कसं कळणार?

‘एवढ्या मारल्या आणि खाल्ली एकही नाही, म्हणजे जनावर माजलंय’, हाही एक आवडता पुरावा. रानात शिकाऱ्याने एकावर झडप घातली की बाकीचे उडून जातात, फडफड थांबते आणि शिकार तिथे संपते. खुराड्यात पळायला जागा नसते. कोंबडीला अंधारात दिसत नाही, ती भिंतीवर आपटत फडफडत राहते, आणि जोवर समोर फडफड आहे तोवर जनावराचा जबडा थांबत नाही. ती पेटी आपण बांधली आणि तिचं दार आपण कच्चं ठेवलं.

मग कोणीतरी मधला मार्ग काढतं: मारू नका, पकडून लांब सोडा. माकडांच्या बाबतीत हा वाद मी दहा वर्षं ऐकते आहे. प्रत्येक तालुक्याला वाटतं की लांब म्हणजे शेजारचा तालुका. जुन्नर भागात 2001 नंतर बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडले गेले. माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसरं जनावर घेतं. ज्या वाडीत उंदीर आहेत आणि खुराड्याला भोक आहे, तिथे एक रानमांजर गेलं तर दुसरं येणार. राजस्थानात सरिस्काला विष्ठा तपासून केलेल्या अभ्यासात एका रानमांजराच्या पोटात दिवसाला 3 ते 5 उंदीर जातात असा अंदाज निघाला. आमच्या भाताच्या खळ्यांवर ही राखण कोण फुकट करतो, ते त्या गृहस्थांनी सांगावं.

तर मग करायचं काय? फार काही नाही. दुकानात जी षटकोनी कोंबडीजाळी मिळते ती कोंबडी आत ठेवायला पुरते, जनावर बाहेर ठेवायला नाही. अर्ध्या इंची वेल्डमेश घ्या आणि ती पायाशी फूटभर बाहेरच्या बाजूला वळवून मातीत पुरा, म्हणजे उकरणारं जनावर जाळीवरच अडतं. जमीन कोब्याची करा. दाराला सुंभ नको, लोखंडी कडी आणि तिच्यात खिळा. पिल्लं अंगावर पिसं येईपर्यंत डालग्याखाली. मेलेली कोंबडी खोल पुरा. खर्च होतो, पण माझ्या अकरा कोंबड्यांच्या किमतीत हे सगळं झालं आणि उरलेल्या पैशात दोन तलंगा आल्या.

आणि दिवेलागणीला मोजणी. मला एक विचारायचं आहे: त्या गृहस्थांच्या घरी कोंबड्या कोण झाकतं? त्यांची सून. भाकऱ्या टाकता टाकता ती एका हाताने दार लोटून घेते. पायरीवर बसलेल्या माणसाला विष सुचतं, कारण ते एकदा ठेवलं की काम संपतं. कडी रोज लावावी लागते.

शेवटी एक गोष्ट, जी कोणी पायरीवर बोलत नाही. आमच्या वाडीत मागच्या उन्हाळ्यात जेवढ्या कोंबड्या मानमोडीने, म्हणजे राणीखेतने, एका आठवड्यात माना टाकून मेल्या, तेवढ्या रानातल्या कुठल्याही जनावराने माझ्या आठवणीत नेलेल्या नाहीत. त्यासाठी कोणी कुंपणाशी जागलं नाही. पिल्लू आठवड्याचं होताना डोळ्यात लासोटाचा थेंब आणि आठव्या आठवड्याला आर-टू-बीची सुई, एवढंच लागतं. लसीची लहानात लहान बाटली शंभर कोंबड्यांची येते आणि एकदा फोडली की दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून एका घराला ती परवडत नाही. येत्या रविवारी सकाळी मी बर्फाच्या डब्यातून एक बाटली आणते आहे. माझ्या सतरा आहेत, खालच्या घरच्या बावीस. त्या गृहस्थांकडे चाळीसेक असतील. ऊन चढण्याआधी, कोंबड्या सोडण्याआधी, त्यांनी डालगी घेऊन यावं.