गाडी घेताय? मायलेजसोबत टर्निंग रेडियसही बघा

देशात विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांमध्ये आता निम्म्याहून जास्त एसयूव्ही प्रकारच्या आहेत. गाड्या मोठ्या झाल्या, पण गल्ल्या आणि सोसायटीचं पार्किंग तेवढंच राहिलं. त्यामुळे गाडी किती जागेत वळते, हे सांगणारा टर्निंग रेडियस आता दुर्लक्ष करण्यासारखा राहिलेला नाही.

हा आकडा ब्रोशरमध्ये गाडीची लांबी-रुंदी देणाऱ्या तक्त्यात शोधा. पण इथे एक गोम आहे. मारुती स्विफ्टसाठी 4.8 मीटर असं लिहितात, ती त्रिज्या. महिंद्रा बीई 6 साठी कंपनी 10 मीटर सांगते, तो वळणाच्या वर्तुळाचा व्यास. वरवर पाहिलं तर महिंद्राला दुप्पट जागा लागते असं वाटेल. प्रत्यक्षात 10 चे निम्मे 5, म्हणजे त्रिज्येत फरक फक्त 20 सेंटीमीटरचा! तेही बीई 6 स्विफ्टपेक्षा सुमारे अर्धा मीटर लांब असताना. तिची मोटर मागे आहे. त्यामुळे पुढची चाकं जास्त वळायला जागा मिळते.

दुसरी गोष्ट, हा आकडा बहुतेक वेळा बाहेरच्या चाकाच्या मार्गावरून काढलेला असतो. बंपरचा कोपरा त्याच्याही बाहेरून फिरतो आणि भिंतीला घासतो तो तोच.

म्हणून तुलना करताना आधी त्रिज्या की व्यास, ते बघा. आणि टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या रुंद रस्त्यावरच संपवू नका. गाडी तुमच्या गल्लीत आणा आणि एकदा वळवून बघा.