दोन मापांचा न्याय

कथा-नाटकांतील पात्रांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून त्यांचा निवाडा करण्याची मराठी माणसाची हौस आजची नव्हे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 1890 पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली, तेव्हा यमूचे पुढे काय झाले हे कळण्यासाठी वाचकांस पुढल्या अंकाची वाट पाहावी लागे. 1919 साली 'एकच प्याला' रंगभूमीवर आले, आणि सिंधूने जे सोसले ते सोसावयास हवे होते काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही. आज हेच काम दूरचित्रवाणीवरील मालिका करीत आहेत. तेव्हा रायपूरच्या समता कॉलोनीतील मराठी घरांत मालिकांतील सासवा-सुनांची चर्चा रंगत असेल, तर त्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. आमची तक्रार चर्चेविषयी नसून निकालाविषयी आहे. हे निकाल एकतर्फी असतात. आणि ज्यांनी नोकरीचा जन्म दोन्ही बाजू ऐकून टिपणे लिहिण्यात घालविला, तेच ते निःशंकपणे देतात, याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

'आई कुठे काय करते!' ही 'स्टार प्रवाह'वरील मालिका घ्या. ती डिसेंबर 2019 मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये संपली. मूळ कथा 'श्रीमयी' या बंगाली मालिकेची. जुलै 2020 पासून तीच हिंदीत 'अनुपमा' या नावाने अवतरली. त्यामुळे परप्रांतात राहणाऱ्या आम्हां मंडळींची एक सोयही झाली. मराठी, हिंदी व बंगाली शेजारणींना बोलण्यास एकच विषय मिळाला. कथेचे सूत्र सर्वांस ठाऊक आहे. घरासाठी राबणारी, गाण्याचा गळा बाजूस ठेवलेली अरुंधती. तिला गृहीत धरणारा पती अनिरुद्ध. त्याची कचेरीतील सहकारी संजना. मुलाची बाजू घेणारी सासू कांचन आणि सुनेच्या पाठीशी उभे राहणारे सासरे अप्पा. पुढे घटस्फोट होतो, आणि उत्तरायुष्यात अरुंधती आपल्या महाविद्यालयातील मित्राशी, आशुतोषशी, विवाह करते.

या कथेवर रसिकांचे जे अभिप्राय आम्ही वारंवार ऐकले, त्यांत तीन मुख्य आहेत. पहिला, संजनेने घर मोडले. दुसरा, अरुंधतीला नवरा सांभाळता आला नाही. तिसरा, मुले लग्नाची झाल्यावर हे दुसरे लग्न कशाला?

पहिल्या अभिप्रायात अनिरुद्ध कोठे आहे? शपथ त्याने घेतली होती, मोडली त्याने, आणि गुन्हेगार ठरली संजना! जणू अनिरुद्ध हा कर्ता माणूस नसून कपाटातील ऐवज आहे आणि संजनेने तो लांबविला. ही विचारसरणी केवळ बैठकीच्या खोलीतील नव्हे. ती आमच्या कायद्यातही होती. भारतीय दंडसंहितेच्या 497 व्या कलमान्वये परस्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषावर त्या स्त्रीच्या पतीस फिर्याद करता येई. परंतु ज्या पत्नीचा पती असा वागला, तिला त्या कलमाखाली दाद मागता येत नसे. लग्नाची बायको म्हणजे मालमत्ता आणि बाहेरचा माणूस म्हणजे चोर, एवढाच त्याचा अर्थ. सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 रोजी ते कलम घटनाबाह्य ठरविले. न्यायालयाने जे टाकून दिले, ते आम्ही संध्याकाळच्या चहाबरोबर पुन्हा उचलून घ्यावे काय?

दुसरा अभिप्राय याहून वाईट, कारण तो सहानुभूतीच्या सुरात बोलला जातो. 'बिचारी भोळी, जरा नीटनेटकी राहिली असती, जरा बाहेर पडली असती, तर ही पाळी आली नसती.' वस्तुतः ती नीटनेटकी राहिली नाही, कारण तिच्या वेळेवर घरातील प्रत्येकाचा हक्क होता. त्यात तिचा स्वतःचा मात्र नव्हता. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली केलेल्या कालविनियोगाच्या पाहणीत असे आढळले की, घरची बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवितात, आणि ती करणारे पुरुष 97 मिनिटे. आई कुठे काय करते, या प्रश्नाचे सरकारी उत्तर हे असे आहे. या 299 मिनिटांचा उपभोग घ्यावयाचा आणि मग ती कोमेजली म्हणून तिलाच दोष द्यावयाचा, यास न्याय म्हणत नाहीत.

तिसऱ्या अभिप्रायाच्या मुळाशी सिंधू आहे. सोसणारी आणि सोसता सोसता संपणारी स्त्री पाहून आमचे डोळे भरून येतात. सोसून झाल्यावर उठून चालू लागणारी स्त्री पाहिली की कपाळास आठी पडते. आणि हा रोग केवळ आमचा नव्हे. इब्सेनच्या नोराने 1879 साली पतीचे घर सोडले, तेव्हा जर्मनीतील एका नटीने ती भूमिका तशी करण्याचे नाकारले, आणि 1880 मध्ये इब्सेनला मुलांसाठी नोरा थांबते असा दुसरा शेवट नाइलाजाने लिहून द्यावा लागला. पुढे तेच नाटक अनंत काणेकरांनी 'घरकुल' या नावाने मराठीत आणले. तो दुसरा शेवट आज कोणाच्या खिजगणतीत आहे? जगाने दार लोटून जाणारी नोराच स्मरणात ठेवली.

यावर कोणी म्हणेल, मालिकेतील पात्रांच्या हेतूंची एवढी मीमांसा कशास? ते हेतू दर आठवड्याच्या प्रेक्षकसंख्येवर बदलतात. नटी बदलते आणि पात्र तेच राहते. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधील शनाया दोन नटींनी साकारली. हे सारे आम्हांस मान्य आहे. रोज एक भाग लिहून देणाऱ्या लेखकाकडून हेतूंची सूक्ष्म संगती मागणे व्यर्थ होय. परंतु त्यामुळेच आमचा मुद्दा बळकट होतो. जेथे लेखकाने जागा मोकळी ठेवली, तेथे प्रेक्षक स्वतःचे मन भरतो. संजनेविषयीचा निकाल संजनेची ओळख देत नाही. तो निकाल देणाऱ्याची देतो. आणि तो निकाल ऐकत घरातली मुलगी बसलेली असते, हे विसरून चालणार नाही.

आम्हां बदलीवाल्यांना हा विषय विशेष लागू आहे. नागपूरहून रायपूर, रायपूरहून बिलासपूर, तेथून आणखी कोठे. प्रत्येक बदलीच्या हुकुमावर एकाचे नाव असते आणि त्याची तामील दोघांकडून होते. कित्येक घरांतून शिक्षिकेची नोकरी सुटली, गाण्याची शिकवणी सुटली, माहेर तर पहिल्याच गाडीबरोबर मागे राहिले. नव्या गावी हिंदी शाळेत मुलांना बसविणे, नवे शेजार जोडणे, आणि घरात मराठी जिवंत ठेवणे हे खाते कोणाकडे असते, ते सांगावयास नको. निवृत्तीच्या समारंभात साहेबांच्या सेवेची यादी वाचली जाते. 'पत्नीची साथ लाभली' या एका वाक्यात दुसरी सगळी सेवा आटोपते. अनिरुद्धाच्या बाजूने आमची जीभ इतकी सहज का वळते, याचे उत्तर येथे सापडेल.

आम्ही मालिका बंद करा असे म्हणत नाही. त्या पाहाव्यात आणि खुशाल भांडावेही. चौबे कॉलोनीतील महाराष्ट्र मंडळाने हवा तर त्यावर परिसंवाद घ्यावा. मात्र निकालापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. या पात्राला काय हवे होते? त्याची किंमत कोणी मोजली? आणि हेच वर्तन पुरुषाने, किंवा स्त्रीने, केले असते तर आपण काय म्हटले असते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वेगळे येत असेल, तर प्रकरण फेरचौकशीस पाठवावे. ज्या वसाहतीने 'समता' हे नाव धारण केले आहे, तिच्या घराघरांत माप तरी एकच असावे, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.