'इम्यून सिस्टीम रिसेट' होते म्हणजे नक्की काय होतं?

'एका इंजेक्शनने इम्यून सिस्टीम रिसेट!' असं पिवळ्या जाड अक्षरांत लिहिलेलं एक रील गेल्या आठवड्यात मला कॉलेजच्या मित्राने पाठवलं. खाली त्याची एकच ओळ: "हे माझ्यासाठी आहे का रे?"

त्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. तीन वर्षांपूर्वी त्याला एका डोळ्याने धुरकट दिसायला लागलं. डोळा फिरवला की आत दुखायचं, लाल रंग फिका दिसायचा. तोही माझ्यासारखाच दिवसभर स्क्रीनसमोर बसणारा, त्यामुळे सगळ्यांनी एकच सल्ला दिला: मोबाईल कमी कर. मीही तोच दिला. चष्म्याचा नंबर तपासून झाला, डोळ्यात थेंब घालून झाले. महिन्याभराने पाय जड पडायला लागले तेव्हा एमआरआय झाला. आधी अंदाज होता मल्टिपल स्क्लेरोसिसचा, म्हणजे एमएसचा. मग एक रक्ततपासणी झाली आणि आजाराचं नाव बदललं: एनएमओ. नाव बदललं तर एवढं काय, असं मला तेव्हा वाटलं होतं.

दोन्ही आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जासंस्थेवर हल्ला करते. डोळ्याची नस, मज्जारज्जू, मेंदू यांना सूज येते. वरून इतकं सारखं की कित्येक वर्षं एनएमओ हा एमएसचाच एक प्रकार मानला जायचा. २००४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या वांडा लेनन आणि सहकाऱ्यांना एनएमओच्या रुग्णांच्या रक्तात एक वेगळी अँटिबॉडी सापडली, आणि पुढच्या वर्षी तिचं टार्गेटही कळलं: ॲक्वापोरिन-४. मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींवर पाणी आत-बाहेर करणारी जी दारं असतात, त्यातलं हे एक. अँटिबॉडी या दाराला चिकटते, रक्तातली मारक प्रथिनं तिथे गोळा होतात आणि पेशी मरते. एमएसमध्ये असा एकच ठरलेला पत्ता आजवर मिळालेला नाही. फरक कागदापुरता नाही. एमएसवर दिलं जाणारं इंटरफेरॉन बीटा एनएमओच्या रुग्णाला दिलं तर आजार बळावू शकतो.

आता बी-पेशींकडे येऊ. अँटिबॉडी बनवणारं खातं म्हणजे बी-पेशी, एवढं शाळेत शिकलो होतो. सरळ लॉजिक असं: वाईट अँटिबॉडी नको, तर बी-पेशी उडवा. रिटुक्सिमॅब हे मूळचं कॅन्सरचं औषध नेमकं तेच करतं. बी-पेशींवर सीडी-२० नावाची खूण असते, ती दिसली की पेशी संपवायची. २००८ मध्ये स्टीफन हाउझर यांच्या टीमने १०४ एमएस रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध केले. २४ आठवड्यांत आजार उलटण्याचं प्रमाण खोटं औषध दिलेल्या गटात ३४.३ टक्के, तर रिटुक्सिमॅब घेतलेल्यांत १४.५ टक्के होतं.

पण इथे एक गंमत आहे, आणि मला या सगळ्या विषयात हाच भाग सगळ्यात आवडतो. प्रत्यक्षात अँटिबॉडीचं घाऊक उत्पादन करतात त्या प्लाझ्मा पेशी. बी-पेशीच पुढे प्लाझ्मा पेशी बनते, पण तोवर तिच्यावरची सीडी-२० खूण गेलेली असते. म्हणजे औषध कारखान्याला हातच लावत नव्हतं. अँटिबॉडीची पातळी फारशी हलली नव्हती, तरी एमआरआयवरचे नवे डाग काही आठवड्यांतच कमी झाले! आम्ही डेव्हलपर लोक ज्याला चुकीच्या सर्व्हिसचे लॉग वाचत बसणं म्हणतो, तसं काहीसं झालं होतं. एमएसमध्ये बी-पेशींचा मोठा उपद्व्याप अँटिबॉडी बनवण्याचा नसून टी-पेशींना भडकवण्याचा आहे, हे त्यानंतर ठसलं. याच वाटेवरचं ओक्रेलिझुमॅब अमेरिकेत मार्च २०१७ मध्ये मंजूर झालं.

एनएमओमध्ये मात्र अँटिबॉडी स्वतःच गुन्हेगार आहे. तिथेही रिटुक्सिमॅब चालतं. जपानमधल्या एका चाचणीत (निकाल २०२०) औषध घेतलेल्या १९ जणांपैकी एकाचाही आजार उलटला नाही, न घेतलेल्या १९ पैकी ७ जणांचा उलटला. कारखान्यात येणारी नवी भरतीच बंद होते, हे त्याचं एक स्पष्टीकरण. माझा मित्र यावरच आहे. भारतीय कंपनीने रिटुक्सिमॅबची स्वतःची आवृत्ती २००७ मध्येच बाजारात आणली, म्हणून ते त्याला परवडतं तरी. (विमा कंपनीने पहिला क्लेम नाकारला होता: औषध कॅन्सरचं, रुग्णाला कॅन्सर नाही. दोन महिने ईमेल चालले.)

मग ते रिसेट? रील ज्याबद्दल बोलत होतं ती कार-टी थेरपी. रुग्णाच्याच टी-पेशी काढायच्या, बी-पेशींवरची सीडी-१९ खूण ओळखेल असा नवा कोड त्यांच्या जनुकांत टाकायचा, आणि परत सोडायच्या. आधी काही दिवस केमोथेरपी द्यावी लागते, त्यामुळे 'एक इंजेक्शन' हे साफ खोटं. जर्मनीत एर्लांगेन इथे हा प्रयोग ल्युपस आणि स्नायू-त्वचेच्या ऑटोइम्यून आजारांवर झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये १५ रुग्णांचा अहवाल आला. त्यातले ल्युपसचे आठही जण नेहमीची औषधं बंद करूनही बरे राहिले. काही महिन्यांनी बी-पेशी परत आल्या, पण कोऱ्या, जुना राग न घेता. रिसेट हा शब्द इथून उचलला गेला.

हे पाहून न्यूरॉलॉजीवालेही कामाला लागले. २०२३ मध्ये जर्मनीतल्याच माग्डेबुर्गच्या डॉक्टरांनी मायस्थेनियाच्या, म्हणजे स्नायूंची ताकद जाणाऱ्या आजाराच्या, एका रुग्णाला अशी थेरपी दिली आणि तिच्यात चांगली सुधारणा झाली. त्याच वर्षी वुहानच्या टीमने एनएमओच्या १२ रुग्णांचे निकाल दिले. ११ जणांचा आजार उलटला नाही, पण पाठपुरावा सरासरी साडेपाच महिन्यांचाच होता. त्यांनी सीडी-१९ नाही, बीसीएमए ही खूण धरली, जी प्लाझ्मा पेशींवर असते. म्हणजे थेट कारखान्यावर धाड.

रिसेटची उपमा मला इथे अडते. फॅक्टरी रिसेट सगळं पुसतो. एर्लांगेनच्या रुग्णांत मात्र लहानपणीच्या लसींच्या अँटिबॉडी बऱ्याच अंशी टिकल्या, कारण त्या बनवणाऱ्या जुन्या प्लाझ्मा पेशी अस्थिमज्जेत बसलेल्या असतात आणि त्यांच्यावर सीडी-१९ सहसा नसते. चांगलीच गोष्ट. पण वाईट अँटिबॉडीचा कारखाना तिथेच बसला असेल तर? मग बीसीएमए धरा, आणि लसींचं संरक्षणही पणाला लावा. शिवाय अमेरिकेच्या एफडीएने २०२४ मध्ये कार-टी औषधांवर टी-पेशींच्या नव्या कॅन्सरचा इशारा छापायला लावला. धोका क्वचितचा आहे, पण तिशीतल्या माणसापुढे अजून चाळीस-पन्नास वर्षं असतात.

भारतात असं काही आहे का? आहे, आणि तेही मुंबईत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून निघालेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. टार्गेट तेच, सीडी-१९, आणि किंमत अमेरिकेतल्या थेरपीच्या साधारण दशांश, म्हणजे तरीही लाखांत. पण ती मंजुरी रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे. खूण तीच आहे म्हणून उद्या कुणी क्लिनिकवाला 'तुम्हालाही देतो' म्हणाला, तर आधी चाचणीची नोंदणी दाखवायला सांगा.

मित्राला मी हे सगळं व्हॉइस नोटमध्ये सांगितलं, सहा मिनिटांच्या. त्याने उलट विचारलं, "म्हणजे अजून नाही." मी म्हटलं, अजून नाही. तुमच्यापैकी कुणाला एकाच डोळ्याने अंधुक दिसत असेल, डोळा हलवताना दुखत असेल, तर स्क्रीन टाइम मोजत बसू नका. लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि नसेला सूज निघाली तर न्यूरॉलॉजिस्टना ॲक्वापोरिन-४ आणि मॉग या दोन अँटिबॉडींच्या तपासणीबद्दल विचारा. त्याच्या बाबतीत तो एक महिना गेला, आणि डाव्या डोळ्याची नजर पूर्ण परत आली नाही.

पुढचा डोस पुढच्या महिन्यात आहे. चार-पाच तास सलाईन चालतं, मी लॅपटॉप घेऊन शेजारी बसतो.