घड्याळाचा उजेड कोणाच्या हातात?

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. पहाटेचे सहा वाजायचे होते. बीबी का मकबऱ्याच्या मागून लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे निवृत्त गणिताचे सर भेटले. वय अडुसष्ट. दीड वर्षापूर्वी बायपास झालेली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेले, पण एका अटीवर. नाडी ११० च्या वर जाऊ द्यायची नाही. म्हणून मुलाने पुण्याहून एक स्पोर्ट्स वॉच पाठवून दिले होते.

चढ लागला तसे सर मनगट झटकू लागले. एकदा, दोनदा, तीनदा. पडदा काळाच. शेवटी ते रस्त्याच्या मधोमध थांबले, चष्मा कपाळावर सरकवला आणि दुसऱ्या हाताने बटण दाबले. पडदा उजळला. त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेले, आकडा शोधला, आणि तो वाचून होण्याआधीच पडदा विझला. तेवढ्यात मागून दुधाची गाडी आली. मी सरांना दंडाला धरून बाजूला घेतले.

“अरे, एवढे महागाचे घड्याळ म्हणे,” सर म्हणाले, “आणि नेमके गरजेच्या वेळी डोळे मिटून घेते.”

मला हसू आले, पण वाक्य डोक्यात राहिले. घरी जाऊन मी त्यांच्या घड्याळाची सेटिंग उघडून बसलो. घड्याळ बिघडलेले नव्हते. त्याला जसे वागायला सांगितले होते, तसेच ते वागत होते. प्रश्न एवढाच होता की, हे सांगितले कोणी? सरांनी तर नव्हते सांगितले.

स्पोर्ट्स वॉच विकत घेताना आपण जीपीएस किती अचूक, नाडी कशी मोजते, पाण्यात चालते का, हे सगळे विचारतो. पडदा कधी उजळतो आणि कधी विझतो, हे कोणी विचारत नाही. वास्तविक बाकी सगळी मोजमापे त्याच दारातून आपल्यापर्यंत येतात. आत कितीही अचूक आकडा असो, हवा त्या क्षणी दिसला नाही तर त्याचा उपयोग काय?

जुन्या घड्याळांत हा पेच नव्हता. कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू हे १९८९ चे मॉडेल आपल्याकडे असंख्य मनगटांवर दिसले. त्याला बाजूला एक बटण. दाबले की कडेचा छोटा दिवा लागतो, सोडले की विझतो. टायमेक्सने १९९२ मध्ये इंडिग्लो आणले. त्यात कोपऱ्यातल्या दिव्याऐवजी अख्खी तबकडीच निळसर-हिरवी उजळू लागली. उजेड सुधारला, पण कारभार तोच राहिला. बोट माणसाचे, निर्णय माणसाचा. आजच्या घड्याळात हा निर्णय घड्याळाकडे गेला आहे. आपल्याला बघायचे आहे की नाही, याचा अंदाज ते बांधते. सगळी गडबड या अंदाजात आहे.

हा अंदाज समजून घ्यायचा तर आधी पडद्याचे दोन प्रकार लक्षात घ्यावे लागतील. पहिला ‘मेमरी इन पिक्सेल’, म्हणजे एमआयपी. हा पडदा बाहेरून पडलेला उजेड परत फेकून दिसतो. भर उन्हात तो सर्वात स्वच्छ दिसतो आणि आकडे कायम समोर ठेवायला त्याला फारच थोडी वीज लागते. अंधारात मात्र तो वाचता येत नाही, तिथे बॅकलाइट लागतो. दुसरा अमोलेड. याचा प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाश देतो. रंग झगझगीत, अंधारात सुरेख. पण जितके ठिपके पेटते, तितकी वीज खर्च. म्हणून ही घड्याळे एरवी पडदा विझवून ठेवतात किंवा अगदी मंद करतात. एमआयपीला रात्री मदत लागते, अमोलेडला चोवीस तास काटकसर करावी लागते. त्यामुळे ‘माझ्या मित्राच्या घड्याळात तर कायम दिसते’ ही तुलना अनेकदा फसवी असते. दोघांचे पडदेच वेगळे असतात.

आता अंदाजाकडे येऊ. मनगट वळवून डोळ्यांसमोर आणले की पडदा उजळतो, याला जेश्चर म्हणतात. घड्याळातले हालचाल टिपणारे सेन्सर हात फिरला, वर आला आणि स्थिर झाला, हे ओळखतात. खुर्चीत बसलेल्या माणसासाठी ही युक्ती छान आहे. पण धावणाऱ्याचा हात सारखा हलतच असतो. प्रत्येक झोक्याला उजळावे तर बॅटरी संपते, आणि कडक गाळणी लावावी तर खरोखर बघायचे असते तेव्हाही पडदा उशिरा उजळतो.

सायकलस्वाराची अडचण उलटी आहे. त्याचे मनगट हँडलवर एकाच जागी असते. त्याला फक्त नजर खाली न्यायची असते, पण घड्याळ मनगट फिरण्याची वाट बघते. मग बघण्यासाठी एक हात हँडलवरून उचला, तोही रहदारीत. प्लँक किंवा जोर मारताना मनगट वळवायची सोयच नसते. पोहताना पाण्याचा स्पर्श बोटाचा समजला जाऊ नये म्हणून टच पडदा सहसा बंद केलेला असतो, आणि भिंतीला हात लावून वळताना बघायला जेमतेम क्षणभर मिळतो. व्यायामाचे प्रकार जितके, तितकी उजेडाची गरज वेगळी. एकच सेटिंग सगळ्यांना पुरणार कसे?

कंपन्यांना हे कळत नाही असे नाही. गार्मिनच्या बऱ्याच घड्याळांत रोजचा वापर, व्यायाम आणि झोप या तिन्हींसाठी पडद्याची सेटिंग वेगवेगळी ठेवता येते. बटण दाबल्यावर, सूचना आल्यावर किंवा मनगट वळवल्यावर उजेड हवा का, किती सेकंद हवा, की व्यायामभर चालू राहू दे, हे सगळे ठरवता येते. काही मॉडेलमध्ये जेश्चर फक्त सूर्यास्तानंतर चालू ठेवण्याची सोय आहे. कोरोसच्या घड्याळांत नाइट मोड आहे. तो लावला की रात्रीच्या व्यायामात मंद उजेड सतत राहतो. ॲपलने २०१९ च्या सिरीज ५ पासून पडदा कायम दिसता ठेवण्याची सोय दिली. मात्र वीज वाचवणारा लो पॉवर मोड लावला की हा कायम दिसणारा पडदा बंद होतो.

सोय आहे, मग तक्रार कसली? तक्रार ही की, सोय मेन्यूच्या चौथ्या पायरीखाली पुरलेली असते आणि कारखान्यातून येताना घड्याळ काटकसरीच्या बाजूने लावलेले असते. कारण उघड आहे. दुकानात दोन घड्याळे शेजारी ठेवली की, गिऱ्हाईक खोक्यावरचे दिवस मोजते. तेरा दिवस चालणारे घड्याळ पाच दिवस चालणाऱ्यापेक्षा भारी. हे तेरा दिवस पडदा विझलेला ठेवून मोजले की उजळलेला, हे कोण विचारतो?

खोक्यावर दोन्ही आकडे छापता येत नाहीत असे मात्र नाही. गार्मिनने २०२२ मध्ये आणलेल्या एपिक्स (दुसरी पिढी) या अमोलेड घड्याळाचे उदाहरण घ्या. कंपनीने स्वतःच सांगितलेले आकडे असे : रोजच्या वापरात १६ दिवसांपर्यंत, पण पडदा कायम चालू ठेवला तर ६ दिवस. जीपीएस लावून ४२ तासांपर्यंत, पडदा कायम चालू ठेवून ३० तास. एक सेटिंग बदलली की सोळाचे सहा होतात. हा फरक लपवण्यासारखा नाही, उलट सांगण्यासारखाच आहे. आणि यात दिलासाही आहे. रोजच्या वापरात जो फटका मोठा दिसतो, तो व्यायामापुरता पाहिला तर तेवढा मोठा नाही. सर रोज पाऊण तास चालतात. पाऊण तास पडदा उजळता ठेवला आणि उरलेले तेवीस तास विझू दिला, तर आठवड्याच्या हिशेबात कितीशी वीज जाणार? दिवसभरासाठी केलेली काटकसर या पाऊण तासावर लादण्याचे काही कारण नाही.

लांब शर्यतीतही हाच हिशेब करावा लागतो. मुंबई मॅरेथॉनची पूर्ण शर्यत अलीकडच्या वर्षांत हौशी धावपटूंसाठी पहाटे पाचला सुटते. जानेवारीत मुंबईचा सूर्य सातनंतर उगवतो. म्हणजे पहिले दोन तास अंधारात किंवा रस्त्यावरच्या दिव्यांत. वेग चुकण्याची सर्वाधिक शक्यता याच दोन तासांत असते, कारण पाय ताजे असतात आणि गर्दी ओढून नेते. तिथे पडदा दिसलाच पाहिजे. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीत सुमारे ९० किलोमीटर अंतर आणि साधारण १२ तासांची मर्यादा असते. तिथे बॅटरी अखेरपर्यंत पुरवायची आहे, म्हणून उजेडाला आवर घालणे शहाणपणाचे. दोन्ही निर्णय बरोबर आहेत. अट एकच, ते धावणाऱ्याने घेतलेले असावेत.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. “घड्याळात सारखे बघायचेच कशाला? श्वासावरून ओळखा, पायांचे ऐका.” चांगले प्रशिक्षक हे सांगतात. दर शंभर पावलांनी मनगट वर करणारा धावपटू स्वतःची लय मोडतो, हे मी स्वतःवरून सांगू शकतो. काहींना तर काळा पडदा हीच विश्रांती वाटते. पण बघायचे नाही असे ठरवणे वेगळे आणि बघायचे असताना न दिसणे वेगळे. पहिले माणसाचे स्वातंत्र्य आहे, दुसरी अडवणूक आहे. ज्याला आकड्याविना धावायचे आहे, त्याने खुशाल पडदा बंद ठेवावा. ज्याच्या छातीवर टाके आहेत, त्याला हा उपदेश करू नये.

शिवाय उजेड म्हणजे झगझगाट नव्हे. अंधारात एकदम पूर्ण तेजाने पेटणारा पडदाही त्रासाचाच. अंधाराला सरावलेले डोळे त्या उजेडाने दिपतात आणि पुढचा खड्डा काही क्षण दिसत नाही. रात्री हवा असतो मंद आणि स्थिर उजेड. ‘सूर्यास्तानंतर’ ही सोयही पुरती भरवशाची नाही. पावसाळ्यात घाटात भर दुपारी अंधारून येते, जिमच्या तळघरात सूर्य उगवतच नाही, आणि घड्याळ मात्र पंचांगाप्रमाणे चालते.

मग सरांसाठी काय केले? चार गोष्टी केल्या. व्यायामाच्या सेटिंगमध्ये उजेड कायम चालू, पण मंद ठेवला. रोजच्या वापराला हात लावला नाही. पडद्यावर एकाच वेळी सहा आकडे दिसत होते, ते काढून दोनच ठेवले : नाडी आणि वेळ. आकडे कमी झाले तसे आपोआप मोठे झाले, चष्मा वर सरकवायची गरज उरली नाही. चौथी गोष्ट सर्वात महत्त्वाची. नाडी १०५ च्या वर गेली की घड्याळ थरथरेल, अशी सूचना लावली. थरथर कळायला उजेड लागत नाही आणि मान खाली घालावी लागत नाही. सरांना हेही सांगितले की, मनगटावरचा आकडा हा अंदाज असतो. पट्टा सैल असला, थंडीने हात गारठला, तर तो चुकतो. छातीत काही वाटले तर आकडा काहीही म्हणो, थांबायचे.

या सगळ्याला वीस मिनिटे लागली. सर गणित शिकवत होते, इंग्रजी वाचतात. तरीही ‘जेश्चर’, ‘टाइमआउट’ हे शब्द पाहून त्यांनी त्या मेन्यूला हात लावला नव्हता. “काही बिघडले तर?” ही त्यांची भीती. ही भीती हजारो घरांत असणार. मुले प्रेमाने घड्याळ पाठवतात, आईवडील अभिमानाने बांधतात, आणि कारखान्यातून आलेली सेटिंग तशीच राहते. आपण वस्तू भेट देतो, तिच्यासोबत वीस मिनिटे द्यायची राहून जातात.

कंपन्यांकडून अपेक्षा फार मोठी नाही. खोक्यावर पडदा चालू ठेवून किती तास आणि विझवून किती, हे दोन्ही आकडे सारख्याच ठळक अक्षरांत छापा. आणि पहिल्यांदा व्यायाम सुरू करताना घड्याळाने एकच प्रश्न विचारावा : व्यायाम चालू असताना पडदा उजळता ठेवू का? हो किंवा नाही. बटण दाबणाऱ्या बोटाकडून घेतलेला निर्णय एवढ्याने तरी त्याला परत मिळेल.

परवा सर पुन्हा त्याच चढावर दिसले. अंधार होताच. मनगटावर एक मंद उजेडाचा ठिपका त्यांच्या हातासोबत हलत होता. मी हाक मारली तर थांबले नाहीत. चालता चालताच म्हणाले, “शंभर आहे. तू ये मागून.”