विमान चालवायला शिष्यवृत्ती, दुरुस्त करायला नाही?



फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर जाहीर केली. चार महिन्यांनी इंडिगोने ५०० विमानांची. तेव्हापासून विमान उद्योगाच्या प्रत्येक परिषदेत एकच रडगाणे सुरू आहे. विमाने येतील हो, पण त्यांची देखभाल करणारी कुशल माणसे कुठून आणायची? संस्थांमध्ये जे शिकवतात आणि हँगरमध्ये जे लागते, त्यांचा मेळ नाही. म्हणून अभ्यासक्रम उद्योगाच्या गरजेप्रमाणे बदला.

मेळ नाही, हे आम्हालाही मान्य आहे. बोइंग ७८७ चा वजनाने जवळपास निम्मा सांगाडा कंपोझिटचा असतो आणि आमची पोरे जुन्या पत्र्याच्या विमानावर रिव्हेट ठोकायला शिकतात. ते बदलायलाच हवे. पण या परिषदांमध्ये गरज मोजली जाते ती फक्त कंपनीची. जो पोरगा मेकॅनिक होणार आहे, त्याच्या गरजेचा रकाना कोणाच्याच कागदावर नसतो. आमचा आक्षेप इथे आहे.

आधी हा रस्ता कसा आहे ते समजून घ्या, कारण आपल्या वस्त्यांमध्ये तो माहीतच नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. मग डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेत २,४०० तासांचा एअरक्राफ्ट मेन्टेनन्स इंजिनिअरिंगचा, म्हणजे एएमईचा अभ्यासक्रम. फी लाखांत. मग डीजीसीएच्या मोड्यूलच्या परीक्षा, सगळ्या इंग्रजीत, प्रत्येकीत किमान ७५ टक्के. त्यावर दोन वर्षे प्रत्यक्ष विमानांच्या देखभालीचा अनुभव. तेव्हा कुठे सीएआर-६६ चे लायसन्स हातात पडते. तेही पुरत नाही. ए३२० दुरुस्त करून 'उडायला योग्य' अशी सही करायची, तर त्या विमानाचे वेगळे टाइप ट्रेनिंग लागते. त्याचे पैसे पुन्हा वेगळे.

या सहीत सगळे आहे. लायसन्स नसलेला टेक्निशियन रात्रभर विमानाखाली झोपून ब्रेक बदलतो आणि लायसन्सवाला इंजिनिअर सकाळी सही करतो. पगार, मान, बढती, सगळे सहीच्या मागे जाते. राबणारे हात एकीकडे आणि सहीचा अधिकार दुसरीकडे, ही रचना आपल्या समाजाला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

सर्वांत अरुंद दरवाजा आहे त्या दोन वर्षांच्या अनुभवाचा. संस्था जागा भरते, फी घेते, प्रमाणपत्र देते. अनुभव द्यायचा म्हटले की हात वर करते. हँगर तिचा नसतो आणि तिची पोरे घेण्याची सक्ती हँगरवाल्यावर नसते. आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलाने आईचे दागिने मोडून हा कोर्स केला. बहुतेक मोड्यूल पहिल्या फटक्यात पास. अनुभवासाठी संस्थेकडे गेला, तर 'ओळख आहे का कोणाची?' असे विचारले गेले. ओळख कुठून असणार? त्याचे वडील महापालिकेच्या सफाई खात्यात. आज तो कुरिअरच्या गोदामात पाळी करतो आणि त्याच्या डोक्यावरून विमाने जातात. उद्योगाच्या भाषेत याला 'कुशल मनुष्यबळाचा तुटवडा' म्हणतात!

म्हणून आमची पहिली मागणी साधी आहे. संस्थेला जागा मंजूर करताना तिच्या मागे हँगरमधल्या पगारी शिकाऊ जागा किती आहेत हे बघा. जितक्या तिथे, तितक्याच इथे. खरा मेळ हाच. कंपन्यांना हे जड जाऊ नये. सरकारने एमआरओ सेवांवरचा जीएसटी २०२० मध्ये १८ वरून ५ टक्क्यांवर आणला, २०२४ मध्ये सुट्या भागांवरचा आयजीएसटीही सरसकट ५ टक्के केला. सवलत घेताना कोणी गुणवत्तेचे प्रमाणपत्र मागितले नव्हते. त्या सवलतीच्या बदल्यात शिकाऊ उमेदवार घ्या आणि त्यांत अनुसूचित जाती-जमातींचा वाटा ठेवा, एवढे सांगायला सरकारची जीभ का अडखळते?

आता पैशाकडे येऊ. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचना काढून वाचा. कमर्शियल पायलट लायसन्सचा कोर्स पहिल्या गटात आहे. आणि त्याच कागदावर लिहिले आहे की एअरक्राफ्ट मेन्टेनन्स इंजिनिअरच्या कोर्सला ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. त्याच ओळीत मुंबईच्या 'डफरिन' या प्रशिक्षण जहाजाचेही नाव आहे. डफरिन १९७२ मध्ये निवृत्त झाले. म्हणजे कुठल्या काळात लिहिलेली ओळ वर्षानुवर्षे नकलून काढली गेली, बघा. पायलटच्या कोर्सची फी शिष्यवृत्ती धरूनही आपल्यातल्या मूठभरांनाच पेलते. मेकॅनिकचा कोर्स हजारोंना पेलला असता. नेमके तेच दार बंद.

कोणी अधिकारी म्हणेल, ते जुने झाले. झाले असेल तर लेखी द्या की एएमईला शिष्यवृत्ती मिळते, आणि महाडीबीटीवर राज्यातल्या मान्यताप्राप्त संस्थांची नावे टाका.

ही शिष्यवृत्ती आली कुठून हे विसरू नका. २९ ऑक्टोबर १९४२ ला, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, बाबासाहेबांनी लिनलिथगोला निवेदन दिले. त्यात त्यांनी स्पष्ट मांडले की नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे फारसे भले होणार नाही; विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे शिक्षण हवे, आणि ते गरिबाच्या ऐपतीबाहेर आहे म्हणून सरकारने खर्च उचलावा. सरकारी छापखाने आणि रेल्वे वर्कशॉपमध्ये आपली मुले शिकाऊ म्हणून घ्या, अशीही मागणी केली. दोन वर्षांत, १९४४ मध्ये, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तेव्हाचे रेल्वे वर्कशॉप म्हणजे आजचे एमआरओ हँगर. आणि त्याच शिष्यवृत्तीच्या सूचनांत विमानाच्या मेकॅनिकला नकार!

सुरक्षिततेचा मुद्दा काढून आम्हाला गप्प करू नका. ७५ टक्क्यांचे ६० करा असे आम्ही कुठेही म्हटलेले नाही. विमानात आमची माणसेही बसतात. परीक्षा तीच ठेवा, परीक्षेपर्यंत पोचायचा खर्च आणि अनुभवाची जागा तेवढी द्या.

नागपूरकरांनी तर जास्त जागे व्हायला हवे. दीक्षाभूमीपासून काही किलोमीटरवर मिहानमध्ये बोइंगने उभारलेला एमआरओ २०१५ पासून सुरू आहे. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली आणि तिथल्या नव्या भरतीतले आरक्षण संपले, पण हा हँगर चालवणारी एआयईएसएल कंपनी सरकारकडेच राहिली. तिथे आरक्षण लागू आहे. उत्तर नागपुरातून तिथे किती अर्ज जातात? आपल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीच्या चार-चार प्रयत्नांनंतर वयाची तिशी गाठलेली पोरे बसली आहेत. त्यांना हा रस्ता कोणी दाखवला? चळवळीनेही नाही. बार्टी पोलीस भरतीचे, बँकेचे वर्ग घेते. डीजीसीएच्या मोड्यूलचे आणि तांत्रिक इंग्रजीचे वर्ग घ्यायला काय हरकत आहे?

१४ एप्रिलच्या आधी प्रत्येक जिल्ह्यातून माहिती अधिकाराचा एक अर्ज गेला पाहिजे. दहा रुपयांचे काम आहे. समाजकल्याणला विचारा : गेल्या पाच वर्षांत एएमईच्या किती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती दिली, आणि नाकारली असेल तर कोणत्या नियमाने? एआयईएसएलला विचारा : नागपूरच्या हँगरमध्ये टेक्निशियन किती, त्यांतले अनुसूचित जाती-जमातींचे किती, कायम किती, कंत्राटी किती, आणि सहीचा अधिकार असलेले किती? उत्तर आले की त्याची प्रत आमच्याकडे पाठवा. नाही आले, तर तिसाव्या दिवसानंतर अपील करा.